मौना लोआचा डेटा हातात घेण्याआधी तिथली दुपार समजून घ्या

कीलिंग वक्र, म्हणजे हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत मोजलेल्या हवेतल्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) १९५८ पासूनचा आलेख, माहीत नसलेलं कुणी या विषयाकडे वळत नाही. त्यामुळे सीओटू दर मे महिन्यात शिखर का गाठतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाला का जातो, हे इथे सांगत बसत नाही. हे लिहिलंय ते एमएससी संपत आलेल्या किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात चाचपडणाऱ्या मुलामुलींसाठी. गाईडने मौना लोआची तासागणिक नोंदींची फाईल दिलेली असते, "बघ जरा काय निघतंय" एवढंच सांगितलेलं असतं, आणि कोड लिहायला बसलं की सगळं सोपं वाटतं. तिथेच घात होतो. फाईल स्वच्छ दिसते, आलेख सुंदर येतो, आणि त्यात चुकीची हवा मोजलेली असते.

आधी जागा

वेधशाळा हवाईच्या बिग आयलंडवर, मौना लोआ ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर ३,३९७ मीटर उंचीवर आहे. शिखर अजून वर, ४,१६९ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून थोडी जास्तच उंची, आणि अक्षांश साधारण आपल्या संगमनेरचा. हवेचा दाब ६८० हेक्टोपास्कलच्या आसपास. वेधशाळा १९५६ सालची. मार्च १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांची सीओटूची मोजणी सुरू झाली आणि १९७४ पासून नोआची (अमेरिकेच्या सागर आणि वातावरण पाहणाऱ्या सरकारी संस्थेची) स्वतंत्र मोजणी तिच्या शेजारी चालू आहे. एकाच डोंगरावर दोन वेगळे चमू, वेगळी उपकरणं, वेगळे प्रमाण-वायू (ज्यांतला सीओटू नेमका माहीत असतो असे, उपकरण तपासायचे वायू), आणि तरीही आकडे जुळतात. या नोंदीवर जगाचा विश्वास बसला त्यामागे हे दुहेरी काम आहे. नवख्यांनी दोन्ही मालिका उतरवून घ्याव्यात. एकीवरच काम करणं हा आळस आहे, दुसरं काही नाही.

ही जागा निवडली कारण व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात समुद्रालगतची दमट हवा आणि वरची कोरडी हवा यांच्यामध्ये इन्व्हर्जनचा थर असतो, म्हणजे वर जाताना तापमान घटण्याऐवजी वाढतं असा थर. हवाईत तो साधारण दोन किलोमीटर उंचीवर सापडतो. ढग त्याच्याखाली अडकतात, वेधशाळा त्याच्या वर असते. भोवती मैलोन्मैल उघडा लाव्हा. झाड नाही, गाव नाही. एवढं वाचलं की वाटतं, इथे चोवीस तास पॅसिफिकवरच्या मुक्त वातावरणाचीच हवा मिळणार. तसं नाही. डोंगर स्वतःचा वारा स्वतः तयार करतो.

दुपारचा सापळा

हा भाग लांबला तरी नीट वाचा. पाठ्यपुस्तकात याला दोन ओळी मिळतात आणि प्रबंधाची दोन प्रकरणं यात वाहून जाऊ शकतात.

सूर्य वर आला की काळा लाव्हा भराभर तापतो. त्याला टेकलेली हवा हलकी होऊन उतारावरून वर चढू लागते आणि खालची, इन्व्हर्जनच्या आतली दमट हवा मागोमाग खेचली जाते. ही हवा बेटाच्या खालच्या अंगाच्या जंगलावरून आलेली असते. झाडांनी प्रकाशसंश्लेषणात सीओटू ओढून घेतलेला असतो, म्हणून दुपारी वेधशाळेत सीओटू कमी दिसतो. रात्री उलटं होतं. लाव्हा उष्णता सोडून गार पडतो, त्याच्या अंगची हवा जड होऊन खाली वाहते आणि तिची जागा वरून उतरणारी कोरडी हवा घेते. आपल्याला हवी असते ती हीच. थोडक्यात, मौना लोआवर भरवशाची हवा रात्रीची.

आता सपाटीवरच्या कामाची सवय आठवा. पुण्यात, दिल्लीत किंवा एखाद्या उंच मनोऱ्यावर मोजताना आपण नेमकं उलटं शिकलेलो असतो. रात्री सीमास्तर, म्हणजे जमिनीलगतचा मिसळत राहणारा हवेचा थर, आकसतो, जमिनीलगत श्वसनाचा आणि वाहनांचा सीओटू साचतो, म्हणून रात्रीच्या नोंदी टाकायच्या आणि दुपारी १२ ते ४ मधल्या, नीट मिसळलेल्या हवेच्या नोंदी ठेवायच्या. प्रतिमानांत घालायच्या डेटासाठी मनोऱ्यांवर हीच रीत आहे आणि ती तिथे बरोबरही आहे. गोची होते ती ग्रुपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या कोडमुळे. वरच्या वर्षातल्या कुणी मनोऱ्यासाठी लिहिलेली फाईल, त्यात मधेच कुठेतरी एक ओळ: स्थानिक वेळ १२ ते १६. ती डोंगराच्या डेटावर चालवली की तुम्ही नेमकी जंगलावरून आलेली हवा ठेवता आणि मुक्त वातावरणाची हवा फेकून देता. कोड कुरकुर करत नाही. उत्तर येतं. ऋतुचक्र दिसतं, वाढीचा कलही दिसतो. फरक पीपीएमच्या (दशलक्ष भागांतल्या एका भागाच्या) अंशात असतो, म्हणून डोळ्याला जाणवत नाही. पण जागतिक हवामान संघटनेने उत्तर गोलार्धातल्या सीओटू-नोंदी एकमेकींशी ०.१ पीपीएमच्या आत जुळाव्यात असं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्याच्यापुढे अर्ध्या पीपीएमचा कायमचा झुकाव म्हणजे नोंद निकामी.

यात अजून एक पेच आहे, आणि तो जास्त घातक आहे. नोआच्या तासागणिक फायलींत वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. हवाईची वेळ यूटीसीच्या १० तास मागे, वर्षभर तशीच. उन्हाळी घड्याळ तिथे नाही. आता समजा कुणी वेळ बदलायलाच विसरलं आणि यूटीसी १२ ते १६ ही खिडकी लावली. ते हवाईतले पहाटे २ ते ६ असतात. म्हणजे चुकीचा नियम, चुकीची वेळ, आणि निवडलेली हवा मात्र योग्य! दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात. निकाल प्रकाशित आलेखांशी जुळतो, गाईड खूश होतात. मग तोच कोड रियुनियन बेटावरच्या मायदो वेधशाळेच्या डेटावर चालवला जातो. तिथली वेळ यूटीसीच्या ४ तास पुढे, त्यामुळे खिडकी येते दुपारी ४ ते रात्री ८. उतारावरचा वारा नेमका उलटण्याच्या सुमाराला. आता काहीच जुळत नाही आणि दोष मायदोच्या उपकरणाला दिला जातो. म्हणून निकाल जुळला यावर समाधान मानू नका. खिडकी कोणत्या स्थानिक तासांवर बसते आहे ते कागदावर लिहून काढा. भारतात बसून काम करत असाल तर लॅपटॉपचं घड्याळही तपासा. हवाईपेक्षा आपली वेळ साडेपंधरा तास पुढे आहे, आणि काही आज्ञा वेळेचा पट्टा न सांगितल्यास लॅपटॉपचीच वेळ गृहीत धरतात. हवाईतले सकाळी ११ ते संध्याकाळी ७ म्हणजे यूटीसी २१ ते दुसऱ्या दिवशीचे ५. यूटीसीच्या तारखेने दिवसाची सरासरी काढली तर एक दुपार दोन तारखांत फाटते. आधी वेळ बदला, मग दिवस पाडा.

नोआ पार्श्वभूमीची हवा, म्हणजे जवळच्या जमिनीचा परिणाम नसलेली मुक्त वातावरणाची हवा, कशी निवडते हे कळलं की पुढचं सोपं जातं. एका तासातल्या मिनिटवार सरासरींचं प्रमाणित विचलन सुमारे ०.३ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर हवा अस्थिर मानतात. आधीच्या तासापेक्षा सरासरी ०.२५ पीपीएमहून जास्त बदलली तरी संशय घेतात. सकाळी ११ ते संध्याकाळी ७ या तासांवर उतार चढणाऱ्या वाऱ्याची खूण असते. मग उरलेल्या तासांतून वक्र बसवतात, त्यापासून दोन प्रमाणित विचलनांहून दूर पडणारे तास टाकतात, आणि टाकण्याजोगं काही न उरेपर्यंत ही फेरी पुन्हा पुन्हा करतात. अखेर दिवसाच्या २४ तासांतले सरासरी १३.६ तास हाती राहतात. म्हणजे जवळपास निम्मा डेटा बाजूला पडतो. बाजूला काढणं म्हणजे नासधूस नव्हे, तेच इथलं मुख्य काम आहे.

रात्रही अगदी निर्धोक नाही. शिखराच्या विवरातल्या भेगांतून निघणारा सीओटू उताराच्या वाऱ्याबरोबर अधूनमधून खाली येतो. तो एकसारखा येत नाही, झटक्यांत येतो, म्हणून त्या तासांतलं विचलन एकदम वाढतं आणि पहिल्याच कसोटीत तो पकडला जातो. ज्वालामुखीवर सीओटू मोजणं म्हणजे मूर्खपणा, असं कुणी म्हणालं तर चिडू नका. मिनिटवार आलेख दाखवा, तो पुरतो.

फाईल वाचताना गुणवत्तेच्या खुणेचा रकाना तीन अक्षरांचा असतो. पहिल्या जागी टिंबाशिवाय काही असेल तर ती नोंद बाद. दुसऱ्या जागी टिंबाशिवाय काही असेल तर नोंद खरी आहे, पण पार्श्वभूमीची नाही. तिसरी जागा माहितीपुरती. पुष्कळ जण पहिलंच अक्षर तपासतात आणि दुसरं सोडतात, म्हणजे दुपार जशीच्या तशी आत येते. आणि नसलेली नोंद उणे ९९९.९९ अशी लिहिलेली असते. ती न काढता सरासरी घेतली की काय होतं ते निदान लगेच दिसतं, त्यामुळे त्या चुकीची मला फार धास्ती वाटत नाही.

अजून एक बारकावा. वारा साधारण सकाळी ९ च्या सुमाराला चढू लागतो, पण सीओटूची घसरण उशिरा, ११ च्या पुढे दिसते, कारण वेधशाळेभोवतीचा मैलोगणती पट्टा उघड्या लाव्हाचा आहे आणि जंगलाची हवा पोचायला वेळ लागतो. वाफ आणि धूलिकण मात्र वाऱ्यासोबत लगेच बदलू लागतात. त्यामुळे एरोसोल (हवेतले सूक्ष्म कण) किंवा ओझोनवर काम करणाऱ्याने सीओटूची ११ ची वेळ उसनी घेऊ नये. त्याची रात्र ९ लाच संपते. आणि तुमचा विषय वसंतात आशियातून येणारी धूळ किंवा प्रदूषणाचे लोट असा असेल तर सीओटू स्थिर असण्याची कसोटी लावूच नका. ज्या घटना शोधायच्या आहेत त्याच ती पुसून टाकते. तिथे वाऱ्याची दिशा, वाफेचं प्रमाण, आणि मिळत असेल तर रेडॉन यावरून निवड करा. रेडॉन जमिनीतूनच निघतो आणि त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, त्यामुळे हवा नुकती जमिनीला लागून आली का, हे तो सांगतो.

हे वाचून घाबरायला झालं असेल तर एक सांगतो: चुकलेली निवड पुन्हा करता येते. मूळ नोंदी सुरक्षित असतात. दुपार आत राहिली म्हणून कुणाची पीएचडी बुडत नाही. वेळेत लक्षात आलं नाही तर मात्र वर्ष जातं.

वाफ आणि श्वास

उपकरणाजवळ जायची संधी मिळणाऱ्यांसाठी हा भाग. सीओटू कोरड्या हवेतल्या प्रमाणात सांगतात. हवेत वाफ राहिली की बाकी सगळं तेवढ्याच टक्क्यांनी पातळ होतं. प्रति किलो हवेत ५ ग्रॅम वाफ म्हणजे रेणूंच्या हिशेबात जवळपास ०.८ टक्के. ४२० पीपीएमवर त्याची चूक होते ३.४ पीपीएम, म्हणजे वर्षभराच्या वाढीपेक्षाही जास्त. गंमत नव्हे, संकट असं की दमट हवा दुपारी येते. त्यामुळे वाळवणी बिघडली तर दुपारी सीओटू घसरलेला दिसतो, अगदी जंगलाने ओढून घेतल्यासारखा. घसरण खरी की वाफेची, हे केवळ सीओटू पाहून ओळखता येत नाही. शीतसापळा (हवा गार करून तिच्यातली वाफ गोठवणारी नळी) उणे ७० अंश सेल्सियसवर चालत असेल तर ६८० हेक्टोपास्कलला उरणारी वाफ दशलक्षात चारच्या आसपास, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी. पण सापळ्यात बर्फ साचून नळी अरुंद होते, प्रवाह घटतो, आणि आकडे बिघडण्याआधी प्रवाहमापकावर ते दिसतं. रोज प्रवाह लिहून ठेवणारा माणूस अडचणीत येत नाही.

नोआने २०१९ मध्ये जुन्या अवरक्त विश्लेषकाच्या जागी कॅव्हिटी रिंगडाउन प्रकारचं, म्हणजे आरशांमधला लेझरचा प्रकाश किती लवकर विझतो यावरून वायू मोजणारं, उपकरण आणलं. ही उपकरणं वाफही मोजतात आणि सुधारणा स्वतःच लावतात, म्हणून हवा वाळवायची गरज नाही असं विक्रेते सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: शक्य तिथे वाळवाच. सुधारणेचं समीकरण प्रत्येक उपकरणाचं थोडं वेगळं असतं आणि ते तपासत राहावं लागतं.

गळती शोधताना लक्षात ठेवा, पंपाच्या आधीची नळी धोक्याची असते, कारण तिथला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो आणि खोलीतली हवा आत शिरते. पंपाच्या पुढे गळालं तर हवा बाहेर जाते, आकडा फारसा बिघडत नाही. माणसाच्या उच्छ्वासात सीओटू ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. दहा हजारात एक भाग जरी आत गेला तरी ४ पीपीएमची उडी. याचाच उपयोग करून गळती शोधतात: प्रत्येक जोडावर हळू फुंकायचं आणि आकडा पाहायचा. आणि याच कारणाने काचेच्या फ्लास्कमध्ये नमुना घेताना वाऱ्याकडे तोंड करून, लांब श्वास घेऊन, तो रोखून पुढे जायचं, तोटी उघडायची, आणि तसंच मागे यायचं. गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, इंजिन बंद. ३,४०० मीटरवर श्वास रोखणं खाली घरी जमतं तसं जमत नाही, म्हणून घाई होते आणि नमुना वाया जातो. आधी रिकाम्या फ्लास्कवर सराव करा. नमुने जोडीने घेतात ते उगाच नाही. जोडीतले दोन जुळले नाहीत तर दोन्ही संशयित.

प्रमाण-वायूच्या सिलिंडरचं एकच सांगतो. दाब २० ते ३० बारवर आला की सिलिंडर बदला. भिंतीला चिकटलेला सीओटू कमी दाबाला सुटू लागतो आणि प्रमाण सरकतं. रेग्युलेटर बसवल्यावर तो अनेकदा भरून रिकामा करा, मगच वापरा. "अजून बराच गॅस आहे" म्हणून तळाशी पोचेपर्यंत वापरणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. जागतिक प्रमाणाशी जोडणारा तोच एक दुवा असतो.

सरळ रेषेवर विसंबू नका

सूर्यप्रकाशमापीचं अंशांकन (उपकरणाचा आकडा खऱ्या मापाशी जुळवणं) हे मौना लोआचं दुसरं मोठं काम. जगभर एरोसोल मोजणाऱ्या एरोनेट जाळ्यातली संदर्भ उपकरणं तिथे अंशांकित होत आली आहेत, आणि जगभरच्या ओझोन मोजणीचा मूळ आधार असलेला डॉब्सन ८३ क्रमांकाचा वर्णपटमापीही १९७० च्या दशकापासून तिथेच तपासला जात आला आहे. पद्धत लँगलीची: सूर्य वर येताना उपकरणाच्या संदेशाचा लॉगरिदम हवेच्या वस्तुमानगुणकासमोर (सूर्यकिरण किती हवेतून येतात त्याचं माप, सूर्य डोक्यावर असताना १) मांडायचा, रेष शून्यापर्यंत मागे न्यायची, वातावरणाबाहेरचा संदेश मिळतो. गुणक ५ पासून २ पर्यंतचा काळ वापरतात. तो सकाळचा सव्वा ते दीड तास असतो.

इथेही तोच वारा आडवा येतो. समजा सूर्य चढताना धुरकटपणा किंचित वाढत गेला, तोही गुणकाच्या व्यस्त प्रमाणात. गुणक ५ असताना ०.००२ जास्त, २ असताना ०.००५ जास्त. रेष अगदी सरळ येते, सहसंबंध उत्तम दिसतो, आणि वातावरणाबाहेरचा संदेश १ टक्क्याने कमी निघतो. डोक्यावरच्या सूर्याला त्यातून येणारी चूक ०.०१. मौना लोआवर ५०० नॅनोमीटरला एरोसोलची प्रकाशीय जाडी (कण प्रकाश किती अडवतात त्याचं माप) स्वच्छ दिवसांत ०.०२ च्या आसपास असते. म्हणजे निम्मं मापच गेलं. रेष सरळ आहे हा पुरावा नव्हे. किमान दहा चांगल्या सकाळी घ्या, प्रत्येकीचा छेद वेगळा काढा, त्यांचा पसारा पाहा, आणि ज्या सकाळी वारा लवकर उलटला ती काढून टाका. एकाच 'सुरेख' सकाळीवर अंशांकन करून मोकळं होणं हा या विषयातला सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे.

जोडलेला डेटा

२७ नोव्हेंबर २०२२ ला मौना लोआचा उद्रेक सुरू झाला. लाव्हाने वेधशाळेचा रस्ता आणि वीजवाहिनी तोडली. मोजणी उत्तरेकडे सुमारे ३४ किलोमीटरवरच्या मौना केआवर नेली. नोआच्या मालिकेत डिसेंबर २०२२ पासून ४ जुलै २०२३ पर्यंतच्या नोंदी तिथल्या आहेत, म्हणजे जवळजवळ ४,२०० मीटरवरच्या. मासिक सरासरीसाठी ते चालतं. तुम्ही दैनंदिन चक्रावर काम करत असाल तर हा तुकडा वेगळा ठेवा. तो डोंगर वेगळा, उतार वेगळा. मार्च १९५८ ते एप्रिल १९७४ हा भाग नोआच्या मासिक फाईलमध्ये स्क्रिप्सचा आहे, आणि १९६४ च्या वसंतात निधी आटल्यामुळे मोजणीच थांबली होती. फाईलमधले भरून काढलेले आकडे मोजलेले नसतात.

प्रमाणपट्टीही पाहा, म्हणजे प्रमाण-वायूंचे आकडे ज्या मूळ मोजपट्टीवर ठरतात ती. जुन्या फायली एक्स २००७ वर, नव्या एक्स २०१९ वर. ४०० पीपीएमच्या आसपास दोघींत ०.१८ पीपीएमचा फरक आहे. एक्स २०१९ येण्याआधी उतरवलेली फाईल आणि आजची फाईल एकापुढे एक जोडली तर मधे पायरी तयार होते, आणि तिच्यातून एखादा उत्साही विद्यार्थी नवा शोध लावतो.

चढण्याआधी

हिलो शहर समुद्रकाठी. २०२२ च्या उद्रेकात रस्ता तुटण्याआधी तिथून वेधशाळा गाडीने दीड-दोन तासांवर होती. शरीराला एवढ्या वेळात ३,४०० मीटरची सवय होत नाही. सुमारे २,००० मीटरवर, मुख्य रस्ता सोडून वेधशाळेचा अरुंद रस्ता लागतो तिथे, अर्धा तास थांबा. चढण्याआधी २४ तास स्कूबा डायव्हिंग टाळा, कोणी कितीही आग्रह केला तरी. डोकेदुखी, मळमळ यांपेक्षा मला भीती वाटते ती मंदावलेल्या विचारांची. आकडे उलटे लिहिले जातात, तोटी उघडी राहते. म्हणून कामांची यादी खाली असतानाच छापून घ्या आणि प्रत्येक पायरीला वेळेसह खूण करा, हवाईची वेळ की यूटीसी हे वर लिहून. रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास येतो. दुपारचं ऊन त्वचा जाळतं.

उपकरणांनाही उंची लागते. विरळ हवेत पंखे कमी थंडावा देतात, वीजपुरवठ्याचे खोके तापतात. फिरत्या चकतीच्या हार्डडिस्क बहुधा ३,००० मीटरपर्यंतच हमीच्या असतात, म्हणून नोंदणीला एसएसडीच लावा.

दोन्ही डोंगर मूळ हवाईयन लोकांना पवित्र आहेत. मौना केआवरच्या दुर्बिणीवरून झालेला २०१९ चा संघर्ष वाचून मगच जा. स्थानिक सहकाऱ्यांसमोर आपण पाहुणे आहोत हे वागण्यातून दिसू द्या.

वाट कुठून

स्पष्ट बोलतो. नोआची केंद्रीय नोकरी बहुतेक वेळा अमेरिकन नागरिकांसाठीच असते. बाहेरच्यांना दार उघडतं ते विद्यापीठांशी जोडलेल्या सहकारी संस्थांतून, उदाहरणार्थ बोल्डरमधली सायरेस, किंवा हवाई विद्यापीठाच्या मानोआ परिसरातल्या वातावरणशास्त्र विभागातून. मायदो, २,१६० मीटर, दक्षिण गोलार्धात, तिथे काम रियुनियन विद्यापीठाभोवती चालतं आणि फ्रेंच आली तर खूप मदत होते. लायडार (लेझरने हवा तपासायचं तंत्र) शिकायचं असेल तर मी मायदोच सुचवेन.

पण सुरुवात घरापासून करा. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) महाबळेश्वरला उंचावरची ढगभौतिकी प्रयोगशाळा आहे, सिंहगडावर हरितगृह वायूंचे नमुने घेतले गेले आहेत, आणि गोव्यातल्या काब द रामाला १९९३ पासून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेसोबत फ्लास्क भरले गेले. सह्याद्रीच्या उतारावरही वारा दिवसा चढतो आणि रात्री उतरतो. तिथला दैनंदिन चक्राचा अभ्यास केलेला विद्यार्थी हवाईत चाचपडत नाही. उंची कमी आहे आणि पावसाळ्यात सगळं ढगात बुडतं, म्हणून आपली ठिकाणं दुय्यम असं समजणाऱ्यांचं मला पटत नाही.

गाईड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या बघू नका. शेवटचा प्रमाण-सिलिंडर कधी बदलला, हे त्यांना माहीत आहे का ते विचारा. आणि तंत्रज्ञांशी मैत्री करा. उपकरणाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी माणसं तीच असतात, आणि त्यांना प्रश्न विचारणारे विद्यार्थी फार कमी असतात.

अर्ज पाठवण्याआधी एक काम करा. कुठल्याही एका वर्षाचे जानेवारी आणि जुलैचे तासागणिक आकडे घ्या. वेळ हवाईची करा. पहिल्या अक्षरावर बाद झालेल्या नोंदी काढा, पण दुसऱ्या अक्षराच्या ठेवा. प्रत्येक नोंदीतून त्या दिवसाची मध्यरात्र ते सकाळी ७ ची सरासरी वजा करा आणि उरलेला फरक २४ तासांवर मांडा, दोन्ही महिन्यांसाठी वेगवेगळा. मग दुसऱ्या अक्षराच्या नोंदीही काढून तोच आलेख पुन्हा काढा. दुपारची घसरण किती वाजता सुरू होते, कोणत्या महिन्यात खोल जाते आणि निवडीनंतर किती उरते, हे चार ओळींत लिहा. अर्जाच्या पत्राला हे एक पान जोडा. समोरची व्यक्ती वेधशाळेत काम केलेली असेल तर ती आधी तुमच्या आडव्या अक्षावर वेळ कोणती लिहिली आहे तेच पाहील.